बर्फ ओसरल्यावर घराची सफाई: आधी पाणी, मग मीठ, मग धूळ

लांबलेला, बर्फाचा हिवाळा संपत आला की हात शिवशिवायला लागतात. पडदे उतरवावेत, खिडक्या सताड उघडाव्यात आणि स्वयंपाकघरापासून झाडझूड सुरू करावी, असं वाटतं. जरा थांबा. महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या घरात धूळ साचते हे खरं, पण धुळीने घराचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते बर्फ वितळून आत शिरलेल्या पाण्याने आणि बुटांना चिकटून आलेल्या मिठाने. ही दोन्ही दुर्लक्षित राहिली तर भिंत, लाकूड आणि गालिचा यांची दुरुस्ती निघते. धूळ आणखी महिनाभर थांबली तरी कुणाचं काही जात नाही. म्हणून इथला क्रम खोल्यांप्रमाणे लावलेला नाही. आधी पाण्याचा माग, मग मिठाचा निकाल, आणि धूळ त्यानंतर.

कधी हात घालायचा

घरातलं काम बर्फ पूर्ण जायच्या आधीच सुरू करता येतं. पाहणी तर बर्फ वितळत असतानाच करावी, कारण गळती तेव्हाच रंगेहाथ सापडते. उन्हाळ्यात तीच जागा ठणठणीत कोरडी दिसते आणि आपण समाधानाने तिच्यावर रंग मारून मोकळे होतो.

बाहेरच्या कामांसाठी मात्र रात्रीचं तापमान शून्याच्या वर टिकू द्या. दुपारी धुतलेल्या पायऱ्या रात्री गोठल्या की सकाळी पहिला पाय आपलाच घसरतो. भेगा बुजवायचं सीलंट आणि बाहेरचा रंग यांना तर बहुधा ५ ते १० अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान लागतं. नेमका आकडा डब्यावर छापलेला असतो, तो पाळा.

सामान फार लागत नाही. टॉर्च, वही, रबरी हातमोजे, एन९५ मास्क, दोन बादल्या, मायक्रोफायबरची फडकी, एक मऊ आणि एक ताठ ब्रश, भांडी घासायचा द्रव साबण, पांढरं व्हिनेगर आणि बारीक कोपऱ्यांसाठी जुने टूथब्रश. ब्लीच घरात असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की करून ठेवा: ते व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या काच-क्लीनरमध्ये कधीही मिसळायचं नाही. पहिल्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो, दुसऱ्यातून क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना घातक. एकाच दिवशी दोन्ही वापरायची वेळ आली तर बादल्या आणि फडकी वेगळी ठेवा.

पहिल्या फेरीत झाडू नको, टॉर्च घ्या

माळ्यापासून सुरुवात करा. वर चढलात की लगेच दिवा लावू नका. आधी अंधारात बघा, छतातून कुठे उजेड झिरपतोय का. मग टॉर्चने छताच्या खालच्या बाजूच्या फळ्या पाहा. काळपट ठिपके, पाण्याचे ओघळ, गंजलेली खिळ्यांची टोकं हे सगळं नोंदवा. खिळे गंजलेत म्हणजे छत गळतंय असंच नाही. घरातली दमट हवा वर येऊन थंड खिळ्यांवर दंव होऊन बसते आणि ऊन पडलं की टपकते. अशा वेळी दोष कौलांचा नसून बाथरूमच्या पंख्याचा निघतो, कारण त्याची नळी बाहेर न काढता माळ्यातच सोडून दिलेली असते. इन्सुलेशनचा थर कुठे दबलेला किंवा ओला आहे का तेही पाहा, कारण भिजलेलं इन्सुलेशन ऊब धरून ठेवत नाही. पाय ठेवायचा तो फक्त तुळयांवर. घर जुनं असेल आणि माळ्यावर खड्यांसारखं दाणेदार व्हर्मिक्युलाइट पसरलेलं दिसलं, तर त्याला हात न लावता खाली उतरा; त्यात ॲस्बेस्टॉस (श्वासातून गेलं की फुप्फुसांना घातक ठरणारे खनिज तंतू) असू शकतं, आणि तपासून घेतल्याशिवाय ते हलवणं धोक्याचं.

माळ्यावरून खाली आलात की प्रत्येक खोलीचं छत पाहा, विशेषतः बाहेरच्या भिंतीलगतची पट्टी. बर्फाच्या दिवसांत घराची ऊब छतापर्यंत पोचते, वर साचलेल्या बर्फाचा खालचा थर वितळतो, ते पाणी उताराने कडेपर्यंत येतं आणि तिथल्या थंडीत पुन्हा गोठतं. होता होता कडेला बर्फाचा बांध तयार होतो. मागून येणाऱ्या पाण्याला पुढे वाट उरत नाही, म्हणून ते छताच्या आवरणाखालून उलटं आत शिरतं. अशा गळतीचे पिवळट, तपकिरी डाग त्यामुळे खोलीच्या मध्यावर न दिसता कडेला दिसतात. डागाभोवती पेन्सिलने बारीक रेघ मारून बाजूला तारीख लिहा. पुढच्या वितळणीत डाग रेघेबाहेर गेला तर गळती चालू आहे. नाही गेला तर जुनी आहे. छताला फुगवटा आला असेल तर त्यावर पाणी साचलेलं असू शकतं. त्याच्या खाली उभं राहू नका, सामान हलवा, जवळ दिवा असेल तर त्याची वीज बंद करा आणि जाणकाराला बोलवा.

नंतर कपाटं, पलंग, सोफे बाहेरच्या भिंतींपासून वीतभर पुढे ओढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण हिवाळ्यातली बहुतेक बुरशी इथेच सापडते. थंड भिंत, मागे हवा नाही, आणि माणसांच्या श्वासाची, आंघोळीची, स्वयंपाकाची वाफ. बुरशीला आणखी काय हवं? खिडकीच्या खालची चौकट, पडद्याची मागची बाजू, बेसिनखालचं कपाट आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेला कपड्यांचा कप्पा या चार जागा नाकाने तपासा. कुबट वास डोळ्यांच्या आधी सांगतो.

तळघर असेल तर तिथे सगळ्यात जास्त वेळ द्या. काँक्रीटच्या भिंतीवर पांढरी, पिठासारखी पूड फुटलेली दिसली तर ती बुरशी नव्हे. मातीतलं पाणी भिंतीतून आत येऊन वाळलं आणि विरघळलेले क्षार मागे राहिले, एवढाच तिचा अर्थ. पाण्याचा थेंब टाकला की पूड विरघळते, बुरशी विरघळत नाही. भिंत ओलसर लागते पण पाणी कुठून येतंय ते कळत नसेल, तर हातभर लांब-रुंद जाड प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस सोडा. प्लॅस्टिकच्या मागे ओल जमली तर पाणी जमिनीतून येतंय. पुढच्या बाजूला जमली तर ती खोलीतल्या हवेतलीच आहे. पहिल्या बाबतीत उपाय घराबाहेर करावा लागतो, दुसऱ्या बाबतीत हवा कोरडी करणारं यंत्र पुरतं. हे न बघता भिंतीला जलरोधक रंग फासणं म्हणजे पैसे ओलीत घालणं.

तळघरात खड्ड्यातलं पाणी उपसणारा पंप असेल तर त्यात एक-दोन बादल्या पाणी ओता. तरंगता गोळा वर येऊन पंप आपोआप सुरू व्हायला हवा आणि पाणी उपसून आपोआप बंद. पंप बिघडलाय हे कळायची सगळ्यात वाईट वेळ म्हणजे वितळणीतली मध्यरात्र.

बुरशी सापडली तर

साधारण एक चौरस मीटरपर्यंतची बुरशी घरच्या घरी काढता येते. त्याहून जास्त पसरली असेल, सांडपाण्यामुळे आली असेल, किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल, तर ते काम त्यातल्या माणसांकडे द्या. मास्क, मोजे आणि डोळ्यांना चष्मा लावा, खिडकी उघडा, खोलीचं दार लावून घ्या. कोरडी बुरशी झटकू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओली करूनच घासा, स्वच्छ पाण्याने पुसा आणि पंखा लावून पूर्ण वाळू द्या. टाइल, काच, धातू, रंगवलेलं लाकूड असं साफ होतं. जिप्समचा बोर्ड, छताच्या मऊ टाइल्स, पुठ्ठा यांत ती आतपर्यंत मुरते. तेवढा भाग कापून बदलावाच लागतो.

ब्लीचने डाग पांढरा पडतो म्हणून लोकांना ते आवडतं. पण ओल तशीच राहिली तर बुरशी पुन्हा येते. एखादी जागा भिजली की २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते, म्हणून वाळवणं हाच खरा उपाय, बाकी सगळी घासाघीस. घरातली आर्द्रता ३० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवा. ती मोजणारं छोटं यंत्र घरात एक असावंच. बुरशीवरून थेट रंग मारू नका, तो काही दिवसांत पोपडे होऊन सुटतो.

बाहेरचं पाणी भिंतीपासून दूर

आत कितीही पुसलं तरी बाहेरून पाणी येतच राहिलं तर काम फुकट, म्हणून मिठाकडे वळण्याआधी घराभोवती एक चक्कर मारा. छत जमिनीवरूनच, दुर्बिणीतून पाहा. उचकटलेल्या, वाकलेल्या, गायब झालेल्या जागा टिपा. वर चढायचं कारण नाही. छताच्या कडेला बर्फ लोंबत असेल तर त्याखालून जाऊही नका.

पन्हाळी शरद ऋतूत साफ केल्या असल्या तरी पुन्हा बघा. बर्फाच्या वजनाने त्यांचे हुक सुटतात, मधेच झोळ पडतो आणि तिथे पाणी साचून भिंतीवर सांडतं. शिडी लावायचीच असेल तर दर चार फूट उंचीला पाया एक फूट भिंतीपासून दूर, आणि खाली शिडी धरायला माणूस. वितळलेली जमीन मऊ असते, शिडीचा एक पाय हमखास रुततो. खाली जाड फळी ठेवा. कचरा हाताने काढून झाला की पाइपने पाणी सोडा आणि ते खालच्या नळीतून धडपणे बाहेर पडतंय का पाहा. त्या नळीचं तोंड घराच्या पायापासून दीड-दोन मीटर तरी लांब हवं. तळघरातल्या ओलीचं मूळ कित्येकदा एवढ्या एका नळीत असतं. भिंतीला लागून माती खचली असेल तर भर घालून उतार बाहेरच्या बाजूला करा.

आता बागेचा नळ. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि नळीत जागा नसली की धातूही फाडतं. गंमत अशी की फाटलेली जागा बहुधा भिंतीच्या आत असते आणि नळ उघडेपर्यंत काहीच कळत नाही. म्हणून पहिल्यांदा नळ उघडताना पाइप लावू नका. एक माणूस आत, त्या भिंतीजवळ उभा करा. नळ सोडा आणि तोंडावर अंगठा दाबा. अंगठ्याने धार सहज थांबली तर आत कुठेतरी नळी फुटलेली असण्याची शक्यता मोठी आहे. लगेच मुख्य व्हॉल्व्ह बंद करा.

मीठ

रस्त्यांवर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ मुख्यतः दोन प्रकारांत येतं. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, वाळलं की पांढरा चट्टा ठेवतं. कॅल्शियम क्लोराइड जास्त थंडीत काम करतं म्हणून कडक हिवाळ्यात तेही वापरतात, आणि ते हवेतला ओलावा ओढून घेतं. दाराजवळची फरशी कितीही पुसली तरी चिकट, तेलकट लागते, ती यामुळे. पुन्हा पुन्हा त्याच पाण्याने पुसलं की ते फक्त पसरतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सरळ ओलं फडकं फिरवणं. मिठाच्या खड्यांबरोबर बारीक वाळू असते, आणि ओल्या पोछ्याखाली ती फरशीवर पॉलिशपेपरसारखी घासली जाते. लाकडी जमिनीची चमक दाराजवळच का उडते, याचं उत्तर हेच. त्यामुळे क्रम असा ठेवा.

पायपुसणी, बुटांचे ट्रे आणि चटया सरळ बाहेर न्या, झटका, धुवा आणि उन्हात टाका. रिकाम्या झालेल्या जागेवर व्हॅक्यूम फिरवा, फिरणारा ब्रश बंद करून. फळ्यांच्या आणि टाइलच्या सांध्यांतून बारीक तोंडाची नळी चालवा. दाराच्या उंबऱ्याची खाच, सरकत्या दाराचा रूळ आणि भिंतीच्या तळाची पट्टी विसरू नका. खडे तिथेच दडून बसतात आणि मग आठवडाभर परत फरशीवर येत राहतात.

कोरडं काम संपलं की दोन बादल्या घ्या. एकीत चार लिटर कोमट पाणी आणि त्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर, दुसरीत नुसतं पाणी. पहिल्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने एक मीटरभर जागा पुसा, दुसऱ्या फडक्याने साध्या पाण्याने पुसा, लगेच कोरड्या फडक्याने टिपा, मगच पुढे सरका. पाणी गढूळ झालं की बदला, कंजुषी नको. मिठाचा पांढरा थर सोडवायला व्हिनेगरचं सौम्य आम्ल मदत करतं. मात्र संगमरवर, चुनखडी, ट्रॅव्हर्टाइन असे दगड असतील तर व्हिनेगरची बाटली उघडूच नका. हे दगड कॅल्शियम कार्बोनेटचे, आम्ल लागलं की कायमचे निस्तेज डाग पडतात. लाकडी जमिनीलाही मी व्हिनेगर लावणार नाही. तिच्यासाठी लाकडाचा म्हणून मिळणारा उदासीन, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कही नाही असा क्लीनर, आणि फडकं इतकं पिळलेलं की मागे ओलीची रेघ लगेच उडून जावी. लाकडाच्या सांध्यांत पाणी गेलं की फळ्यांच्या कडा फुगतात, आणि मग मिठापेक्षा सफाईच महागात पडते.

गालिच्याला घाई चालत नाही. तो पूर्ण कोरडा होऊ द्या, कडक झालेला थर ताठ ब्रशने मोकळा करा आणि व्हॅक्यूम सावकाश उभा, आडवा असा चालवा. जेवढं मीठ कोरडं निघेल तेवढं पुढचं काम सोपं. उरलेल्या डागावर कोमट पाण्यात साबणाचे दोन-चार थेंब टाकून शिंपडा, पाचेक मिनिटं थांबा आणि पांढऱ्या फडक्याने दाबून टिपा. घासलं तर डाग खाली उतरतो. नंतर साध्या पाण्याने पुन्हा टिपा, नाहीतर साबणाचा अंश राहून ती जागा आधीपेक्षा लवकर मळते. शेवटी पंखा लावा. खालचा फोम ओला राहिला तर मिठाच्या जागी बुरशी.

चामड्याच्या बुटांवरचे पांढरे वळ व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन हलक्या हाताने पुसा, मग नुसत्या ओल्या फडक्याने. आत कागदाचे बोळे कोंबून सावलीत वाळवा. हीटरजवळ ठेवलं की चामडं तडकतं. वाळल्यावर क्रीम लावा, आणि हे झाल्यावरच बूट कपाटात जाऊ द्यात.

बाहेरच्या पायऱ्या आणि गाडी लावायची जागाही याच मिठाची. आधी झाडून खडे गोळा करा, नंतर पाणी मारा. धुतलेलं पाणी झाडांच्या आळ्यात न जाता निचऱ्याकडे जाईल असं बघा. मिठाच्या पाण्याने मुळं करपतात. काँक्रीटच्या भेगांत पाणी शिरतं, गोठतं, भेग रुंदावतं. दर हिवाळ्यात थोडं थोडं. म्हणून आज नखाएवढी दिसणारी भेग पूर्ण वाळल्यावर याच मोसमात बुजवा.

हवा आणि आग

हिवाळाभर घरातली तीच ती हवा घर गरम करणाऱ्या भट्टीच्या फिल्टरमधून फिरलेली असते. फिल्टर बदला. उन्हाळ्यात थंड हवाही बहुधा त्याच पंख्याने येते, म्हणून ‘आता भट्टी बंद, फिल्टर पुढच्या हिवाळ्यात’ हा हिशेब चुकीचा. जमिनीतल्या आणि भिंतीतल्या हवेच्या जाळ्या काढून साबणाच्या पाण्यात धुवा, आत हात जाईल तेवढ्या नळीत व्हॅक्यूम घाला. रेडिएटर असतील तर ते थंड असताना पट्ट्यांमधली धूळ लांब ब्रशने काढा.

भट्टी, गीझर आणि कपडे वाळवायच्या यंत्राची धुराडी बाहेर जिथे निघतात तिथे जाऊन प्रत्यक्ष बघा. बर्फाने दबलेली, वाकलेली, किंवा आता पक्ष्यांनी काड्या कोंबलेली असतात. वाळवणी यंत्राची नळी मागून सोडवून आत साचलेलं कपड्यांच्या तंतूंचं जाळं काढा. ते सहज पेट घेतं. बाहेरची झडप यंत्र चालू असताना उघडायला हवी.

धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म बटण दाबून तपासा, वरची धूळ झटका, आणि मागे छापलेली तारीख वाचा. धुराचा अलार्म दहा वर्षांनी बदलायचा असतो, वाजतोय म्हणून चालतोय असं नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं आयुष्य त्याच्यावरच लिहिलेलं असतं.

शेकोटीची राख थंड वाटली तरी तिच्यात निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात भरून घरापासून तीन मीटर तरी लांब ठेवा. कागदी पिशवी नको, व्हॅक्यूम तर मुळीच नको. धुराड्याच्या आतला काजळीचा थर काढायला त्यातला माणूस बोलवा. वसंतात त्यांच्याकडे गर्दी कमी असते.

हवा दमट करणारं यंत्र वापरलं असेल तर टाकीतला पांढरा थर व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून काढा, खळखळून धुवा, पूर्ण वाळवा आणि झाकण उघडं ठेवूनच डब्यात घाला.

खिडक्या उघडायच्या त्या समोरासमोरच्या, दहा-पंधरा मिनिटं. तळघराचा नियम मात्र उलटा आहे. बाहेर गरम, दमट हवा असताना तळघराच्या खिडक्या उघडल्या तर ती हवा थंड भिंतींवर पाणी होऊन बसते, आणि हवा खेळावी म्हणून केलेला उद्योग ओल वाढवतो. कोरड्या, थंड दिवशीच तिथे हवा घ्या.

उंदीर येऊन गेले असतील तर

थंडीत घरात शिरलेले उंदीर लेंड्या मागे ठेवतात. त्या झाडू नका, व्हॅक्यूमही करू नका. काही उंदरांच्या विष्ठेतून हंताव्हायरस पसरतो आणि कोरडी धूळ उडाली की श्वासातून तो आत जातो. खोली अर्धा तास उघडी ठेवा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, कागदाने उचला, पिशवी बांधून टाका आणि जागा पुसा. शिरण्याची भोकं शोधा. जेमतेम ६ मिलिमीटरच्या फटीतूनही छोटा उंदीर आत येतो. फटीत स्टील वूल ठासून वरून सीलंट भरा. नुसता फोम ते कुरतडतात.

खिडक्या, आणि मग धूळ

थंडी अडवायला काचेवर पातळ प्लॅस्टिक लावलं असेल तर त्याची चिकटपट्टी हेअर ड्रायरने कोमट करून हळूहळू सोला, रंग उखडत नाही. खाचांमधला मेलेल्या माश्यांचा आणि मातीचा गाळ आधी कोरडाच ओढून काढा, मग ओला ब्रश. चौकटीच्या खाली बाहेरच्या बाजूला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती तुंबली की पावसाचं पाणी आत येतं. काडीने मोकळी करा, थोडं पाणी ओतून बघा. जाळ्या साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळल्यावरच बसवा. काचा ढगाळ दिवशी पुसा. उन्हात पाणी पुसण्याआधीच वाळतं आणि ओरखड्यांसारख्या रेघा राहतात.

आता राहिली धूळ. वरून खाली, आधी कोरडं मग ओलं, आणि दाराकडे मागे सरकत. पंख्याची पाती, दिव्यांच्या शेड, कपाटांचे माथे, पडद्यांच्या दांड्या, मग भिंती, मग सामान, शेवटी फरशी. चादरी, अभ्रे ६० अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुवा, त्या तापमानाला धुळीतले किडे मरतात. गादी व्हॅक्यूम करून उभी करा आणि दिवसभर उघडी ठेवा. फ्रिजचा प्लग काढून मागची किंवा खालची जाळी साफ करा. यापेक्षा जास्त धुळीविषयी सांगण्यासारखं काही नाही. ते काम सगळ्यांना येतं.

गरम कपडे ठेवून देण्याआधी

कपड्यांना कसर लागते ती उडणाऱ्या पतंगांमुळे नव्हे, त्यांच्या अळ्यांमुळे. अळ्यांना लोकर आवडते, आणि घाम लागलेली, अन्न सांडलेली लोकर त्याहून जास्त. म्हणून ‘दोनदाच घातलाय’ असा स्वेटरही धुतल्याशिवाय ठेवायचा नाही. लोकरी कपडे थंड पाण्यात, लोकरीच्या साबणाने, न पिळता धुवा. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि आडवे पसरून वाळवा. टांगू नका, खांदे ताणतात. ठेवतानाही घडीच. कसर आधीच लागल्याचा संशय असेल तर कपडे पिशवीत हवाबंद करून वजा १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये तीन दिवस ठेवा. नंतर पिशवी न उघडता बाहेर येऊ द्या, नाहीतर कपड्यांवर पाणी सुटतं. डांबराच्या गोळ्यांचं मला फारसं कौतुक नाही. त्यांची वाफ बंद डब्यातच काम करते, उघड्या कपाटात ती घरच्यांच्याच नाकात जाते, आणि लहान मुलांच्या हाती गोळी लागली तर संकट. स्वच्छ कपडा आणि घट्ट झाकण यांवर भागतं.

पिसांचं जाकीट पुढून दार असलेल्या मशीनमध्ये, थोड्या साबणाने, कंडिशनर न घालता धुवा आणि दोनदा खळबळा. मंद आचेवर ड्रायरमध्ये दोन-तीन स्वच्छ टेनिसचे चेंडू टाकून वाळवा. चेंडूंच्या माराने पिसांचे गोळे सुटतात. तासन्‌तास लागतात. हाताला एकही गुठळी लागत नाही तोवर ते वाळलेलं नाही. हवा काढून चपट्या होणाऱ्या पिशव्यांत हे जाकीट भरू नका, पिसांची उसळी जाते. पाणी न शोषणारी जाकिटं धुतल्यावर लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये थोडी ऊब द्या. त्यावरचा पाणी झटकणारा थर उष्णतेने पुन्हा जागा होतो, आणि ‘जाकीट गेलं’ म्हणून टाकून द्यायची वेळ टळते.

अवजारं आणि गवत

बर्फ ओढायची फावडी धुऊन वाळवा, धातूच्या कडेला तेलाचा हात फिरवा. बर्फ फेकणाऱ्या यंत्राला हात लावण्याआधी इंजिन थंड आणि स्पार्क प्लगची तार काढलेली हवी. जुनं पेट्रोल काही महिन्यांत बिघडून कार्ब्युरेटर तुंबवतं. एकतर टाकी रिकामी होईपर्यंत यंत्र चालवा किंवा पेट्रोल टिकवणारं द्रव्य घाला, जे त्या यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलं असेल ते. चालवायचं ते उघड्यावर, गॅरेजचं दार उघडं ठेवूनसुद्धा आत नाही. उरलेलं मीठ घट्ट झाकणाच्या बादलीत भरा. उघड्या पोत्यात त्याचा दगड होतो, आणि कुत्र्या-मांजरांनी चाटलं तर त्यांना बाधतं.

अंगणातल्या गवतावर सगळ्यात शेवटी जा. जमीन पचपचीत असताना चाललं की माती दबते आणि मुळांना हवा मिळत नाही. बर्फाखाली राहिलेल्या गवतावर राखाडी किंवा गुलाबी जाळ्यासारखे गोल चट्टे दिसतील, ती बर्फाखाली वाढणारी बुरशी आहे. जमीन कोरडी झाल्यावर पंजाने हलकेच विंचरून हवा लागू द्या, बहुतेक गवत आपोआप उभं राहतं. रस्त्याच्या कडेची पिवळी पट्टी मात्र मिठाने जळालेली असते. तिच्यावर चार-पाच वेळा भरपूर पाणी सोडून मीठ खोल जाऊ द्या, काही आठवडे वाट बघा, आणि जिथे हिरवं फुटलं नाही तेवढ्याच जागी नवं बी टाका.